बेदाण्याच्या शेडमधले स्वल्पविराम

गंधकाचा वास आवडतो असं सांगणारी माणसं फार नसतील. मी त्यातली एक आहे. माझं साताऱ्यात औषधांचं दुकान आहे, त्यामुळे नाकाला दिवसभर तऱ्हेतऱ्हेच्या वासांची सवय. पण फेब्रुवारी सरत आला, की कवठे महांकाळकडचा कुणी ओळखीचा माणूस येतो आणि काउंटरवर बेदाण्याची पिशवी ठेवून जातो. आईने पाठवलेली असते. गाठ सोडली की आधी गोडसर, उबदार वास येतो, आणि त्याच्या मागोमाग घशाला किंचित झोंबणारा गंधक. मग गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी मी क्षणभर दुकानात नसते. "मॅडम, सर्दीची गोळी," असं त्या बिचाऱ्याला पुन्हा म्हणावं लागतं.

यंदाही पिशवी आली आणि तो हंगाम पुन्हा समोर उभा राहिला. माझ्या आयुष्यातला तो कॉमांचा हंगाम. हसायचं असेल तर हसून घ्या. पस्तिशी उलटलेली, संसारी, दुकानदार बाई द्राक्षाच्या मळ्यात जाऊन इंग्रजी स्वल्पविराम कुठे द्यायचा ते शिकत बसली, हे ऐकून माझा नवराही हसला होता. "लोक बेदाणा खायला जातात," तो म्हणाला, "तू कॉमे वेचायला निघालीस."

इंग्रजीत गोष्टी लिहायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते तात्यांमुळे. तात्या म्हणजे माझे वडील. ते खंडाळा तालुक्यातले. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. तात्या भरती झाले, हवालदार झाले आणि पुढे रंगरुटांना कवायत शिकवणारे उस्ताद झाले. त्यांच्या बदल्यांबरोबर आमच्याही शाळा बदलल्या. छावणीतल्या शाळांत हिंदी ऐकायचं, इंग्रजीत लिहायचं आणि घरी येऊन आईची बोलणी मराठीत खायची, अशी माझी वाटणी होती. त्यामुळे गोष्ट सुचते तेव्हा ती इंग्रजीतच सुचते. त्यात मोठेपणा काही नाही, कमीपणाही नाही. लहानपणी ज्या भांड्यात दूध प्यायलो त्याच भांड्याची चव लागते, तसं ते आहे.

मात्र इतक्या शाळा बदलताना कॉमाचा धडा नेमका राहून गेला. एका शाळेत तो पुढच्या वर्षी होता, दुसऱ्या शाळेत मागच्या वर्षी होऊन गेला होता. मी मग पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरावी तसे कॉमे भुरभुरत मोठी झाले. जिथे वाक्य मोकळं, ओकंबोकं दिसेल तिथे एक चिमूट. माझ्या गोष्टी एका छोट्या प्रकाशनाने पुस्तकासाठी घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथल्या संपादकबाईंनी फोन केला. बाई गोड बोलायच्या आणि नेमकं टोचायच्या. "गोष्टी मला फार आवडल्या," त्या म्हणाल्या, "पण तुमचे स्वल्पविराम लग्नाला आलेल्या पाहुण्यांसारखे बसलेत. जागा दिसली की बसले. पहिली गोष्ट एवढी नीट करून पाठवा, मग पुढचं बघू."

पुढे बरेच दिवस त्यांनी मला नियम समजावले. कुणाला हाक मारली की त्या हाकेनंतर कॉमा. पात्राचं बोलणं संपून "ती म्हणाली" सुरू होताना, अवतरणचिन्ह मिटायच्या आत कॉमा. दोन पुरती वाक्यं नुसत्या कॉमाने बांधायची नाहीत, तेवढा जोर त्याच्यात नसतो. मधेच काही जास्तीची माहिती घुसवली तर तिच्या दोन्ही अंगांना कॉमा, म्हणजे ती उचलून बाजूला ठेवली तरी वाक्य उभं राहतं. मी सगळं पाठ केलं. औषधांची नावं पाठ करणाऱ्या बाईला हे काय जड? पण लिहायला बसले की नियम एका बाजूला आणि वाक्य दुसऱ्या बाजूला. कसंही बसवलं तरी काहीतरी खटकायचं.

मराठीत मला कधी असं अडखळायला झालं नाही. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. ऐकणारा तोवर निमूट वाट बघतो. शिवाय 'की', 'तर', 'म्हणून', 'आणि' ही मंडळी वाटेत उभी असतातच, ती हात धरून पुढे नेतात. इंग्रजी बाईसाहेब क्रिया आधीच सांगून मोकळ्या होतात, आणि उरलेलं गाठोडं मागे लोंबकळत राहतं. ते कुठे टेकवायचं याचाच सगळा घोळ.

त्याच सुमाराला तात्यांचा आवाज बसला.

तात्यांच्या आवाजाबद्दल सांगायला हवं. निवृत्त झाल्यावर ते आईच्या गावी येऊन राहिले. मामांनी आईला तिच्या वाटणीचा द्राक्षाचा तुकडा दिला होता, तो बघायला कुणीतरी हवं होतं. घरजावई म्हणून गावाने पहिल्यांदा थोडी थट्टा केली. पण तात्यांनी एकदा विहिरीवर उभं राहून नुसत्या आवाजाने रस्त्यावरच्या टेम्पोला थांबवलं, तेव्हापासून सगळे त्यांना उस्ताद म्हणू लागले. बागेच्या या टोकाला आई आणि त्या टोकाला तात्या, असं त्यांचं काम चाले. आईने आयुष्यात कधी त्यांचं नाव घेतलं नाही. ती बांधावर यायची, पदर सावरायची आणि म्हणायची, "आवंऽऽ." मग थांबायची. वेलींच्या पलीकडून "वोऽऽ" आलं, की मगच पुढचं बोलणं. जेवायला या, लाइट गेली, पाव्हणं आलं, काहीही असो. "वोऽऽ" आल्याखेरीज तिचं वाक्य पुढे सरकत नसे.

दिवाळीनंतर तो "वोऽऽ" खरखरायला लागला. सगळ्यांनी फवारणीला दोष दिला. गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं, माझ्या दुकानातली सगळी औषधं झाली. शेवटी मिरजेला नेलं. डॉक्टरांनी दुर्बिणीने घसा बघितला, तुकडा तपासायला पाठवला, आणि मग आम्हाला बसवून शांतपणे सांगितलं, की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, जेवेल-खाईल, बागेतही जाईल. आवाज मात्र जाईल.

तात्यांनी फक्त एक विचारलं. "आमचा बेदाना जाळीवर हाय. त्यो निघंस्तवर थांबताय का?"

डॉक्टर म्हणाले, तपासण्यांना आणि तयारीला तेवढे दिवस लागतीलच. तोवर घशाला विश्रांती द्या, मोठ्याने बोलू नका. आणि ज्यांना विश्रांतीचा अर्थ ठाऊक नव्हता, असे माझे वडील परत येऊन थेट शेडमध्ये गेले.

मी दुकान नवऱ्यावर सोपवून गावी आले. सोबत कपडे, औषधं आणि त्या पहिल्या गोष्टीची छापील पानं. बेदाण्याची शेड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. लोखंडी खांबांवर एकावर एक जाळ्या ताणलेल्या असतात, वर पत्रा, चारी बाजू वाऱ्याला मोकळ्या. द्राक्षं औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात आणि या जाळ्यांवर पसरतात. पहिल्या दिवशी ती हिरवी, टरारलेली असतात. मग हळूहळू अंग चोरतात, सुरकुततात, पिवळी पडतात. गंधकाची धुरी दिली की सोनेरी रंग चढतो. तोवर करण्यासारखं फार काही नसतं. वारा आपलं काम करतो, आपण आभाळाकडे बघत बसायचं.

मी तिथेच, खालच्या जाळीशेजारी पोतं अंथरून बसायची. संपादकबाईंनी शेवटचा उपाय म्हणून सांगितलं होतं, की मोठ्याने वाचून बघा. मी वाचत होते. जाळ्या हलवायला आलेल्या बायका बघत होत्या. त्यांच्यातल्या म्होरक्या शांताक्का कानडी मुलखातून लग्न होऊन इकडे आलेल्या, तोंडाच्या फटकळ. "रेश्माताई, कुनाशी भांडालायंस गं?" त्यांनी विचारलं. तात्या खांबाला टेकून उभे होते. माझं वाचणं ऐकून त्यांच्यातला उस्ताद जागा झाला.

"ढिलं वाचतीस," ते म्हणाले. "आन हिकडं."

आई लांबून ओरडली, "आवं! डाक्टरनं काय सांगितलंय?" पण तात्यांनी चष्मा चढवला होता.

तात्यांचं इंग्रजी छावणीतलं. हुकूम, हत्यारांची नावं, रजेचे अर्ज. गोष्टीतली निम्मी वाक्यं त्यांना कळत नव्हती. ते ती हुकमासारखी वाचायचे. पूर्णविराम आला की थांबा. कॉमा आला की अर्धं थांबा. आणि कॉमा नसेल तर जीव गेला तरी थांबायचं नाही. माझं एक लांबलचक वाक्य कॉमाशिवाय होतं; ते त्यांनी एका दमात ओढलं आणि शेवटी चेहरा लाल करून मला म्हणाले, "ह्याला मदी कुठं पानी प्यायला जागा हाय का न्हाई?" दुसऱ्या एका वाक्यात मी हौसेने पेरलेल्या प्रत्येक कॉमावर ते इमानदारीने थांबले. ते ऐकून शांताक्का आणि बाकीच्या बायका इतक्या हसल्या, की जाळी हलून द्राक्षं खाली पडली. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, पण माणूस उगाच अडखळतोय हे कुणालाही कळतं.

मी पेन्सिल घेतली. खोडलं, घातलं, पुन्हा वाचायला दिलं.

त्या दुपारी तात्यांनी मला कवायतीचा हुकूम समजावला. लहानपणापासून ऐकत होते, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. हुकमाचे दोन भाग असतात. "परेऽऽड" असं लांबवायचं, मग गप्प राहायचं, आणि मग "सावधान!" तोडून टाकायचं, की सगळ्या टाचा एकदम आपटतात. "परेड म्हनलं की जवान कान टवकारतोय," तात्या खरखरत्या आवाजात म्हणाले. "पर पाय न्हाई हलवायचा. मदल्या जागंत सगळी पलटन एक व्हती. ती जागा खाल्लीस, तर निम्मी पुढं आन निम्मी मागं. आन लय लांबीवलीस तर जवान पेंगतोय." मी हा कॉमाचा नियम म्हणून संपादकबाईंना फोनवर सांगितला. त्या हसल्या. "नियम म्हणून साफ चूक आहे," त्या म्हणाल्या. "पण गोष्ट लिहिताना लक्षात ठेवा."

नियम म्हणून तात्या खरंच पुष्कळदा चुकायचे. त्यांच्या थांबण्यावर विसंबून मी कॉमे दिले असते तर माझी नायिका रंगरूट झाली असती. एकदा तर एका साध्या वाक्याच्या मध्यावर त्यांना खोकल्याची उबळ आली. पाणी दिलं, पाठ चोळली. ते सावरून पुढे वाचू लागले. मी त्या जागी पेन्सिलीने हळूच एक कॉमा घातला. नियमाने तो तिथे नको होता, मला माहीत होतं. पण तो मला हवा होता. पुढच्या हंगामात हा खोकलासुद्धा नसणार, तर एवढी खूण तरी कागदावर राहू दे, असं मला वाटलं. माझे डोळे भरून आले होते आणि मी मान खाली घालून बेदाणा निवडायचं सोंग करत होते.

दुसऱ्या दिवशी वाचताना तात्या त्या जागी आले, थांबले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागले.

"ह्यो काल न्हवता."

"असू दे तात्या."

"का असू दे? तितं मी खोकलो. तुझी बाय कुठं खोकलीय? काढ त्यो."

मी काढला. आजवर मला कुणी याहून मोलाचं काही शिकवलेलं नाही. गोष्टीतला श्वास लिहिणाऱ्याचा नसतो, वाचणाऱ्याचाही नसतो. ज्याची गोष्ट आहे त्याचा असतो. आपलं दुःख मोठं असलं म्हणून ते दुसऱ्याच्या वाक्यात नेऊन बसवायचं नाही.

आता ती बाई कोण, तेही सांगते. गोष्ट होती छावणीतल्या एका जवानाच्या बायकोची. बदलीचा हुकूम येतो आणि ती काळ्या लोखंडी ट्रंकांत घर भरू लागते, एवढीच गोष्ट. तात्या रोज वाचत होते आणि आई लांबूनच त्यांना दटावत होती. एके दिवशी ती कामं टाकून जवळ येऊन बसली. "एवढं काय हाय त्यात?" तिने विचारलं. तात्यांनी एक परिच्छेद इंग्रजीत वाचला आणि मग आपल्या भाषेत सांगितलं, की ही बाई ट्रंकेत सगळ्यात खाली तुळशीची माती बांधून ठेवते.

"ही तर मी," आई म्हणाली.

"मग? दुसरी कोन आसनार?"

मग तिने तात्यांना, "तवा वाचा," अशी परवानगी देऊन टाकली. तिथून पुढे ती दटावेनाशी झाली. शांताक्कांनी मात्र एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं, की उस्तादाचा आवाज राखायला हवा, असा उधळू देऊ नये. मी ते तात्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "राखून कुनाला देऊ? घिऊन जानारच हायत ते. जातंय तवर वापरतो."

मोबाइलवर मी त्यांचं वाचन भरून ठेवलं आहे. कधीमधी ऐकते. त्यात तात्यांच्या आवाजापेक्षा वारा, पत्र्याची फडफड आणि बायकांचं हसणंच जास्त आहे. पण तात्या थांबतात त्या जागा स्पष्ट ऐकू येतात. नवी गोष्ट लिहिताना अडलं, की मी त्या जागाच ऐकते. पुस्तक निघालं, त्याचं बरंवाईट जे व्हायचं ते झालं. संपादकबाईंनी पहिल्या गोष्टीतले आणखी थोडे कॉमे काढले आणि बाकीचे तसेच ठेवले. "आता हे पाहुणे नाहीत," त्या म्हणाल्या, "घरचे झालेत."

पण बेदाणा निघायच्या आदल्या संध्याकाळी आई जे बोलली, ते या सगळ्याहून मला जास्त आठवतं. आम्ही दोघी निवडत बसलो होतो. काड्या एकीकडे, मणी एकीकडे. ती मान वर न करता म्हणाली, "मी हाक मारती, आन पल्याडनं वो येतीया. त्या एका वोवरनं मला कळतंय, मानूस कुठं हाय, दमलाय का रागावलाय, भूक लागलीया का. आता मी आवं म्हननार. आन मग?"

"आन मग?" एवढंच ती पुन्हा म्हणाली. फोनवरची संदेशांची सोय, पाटी, शिट्टी, काय काय माझ्या मनात येऊन गेलं, आणि ते तिला सांगायची मला लाज वाटली. ऑपरेशनने माणूस वाचणार होता, याचा आनंद आम्हाला होताच. पण आईच्या हाकेला यापुढे कोण उत्तर देणार, हा प्रश्न त्या आनंदाच्या शेजारी तसाच बसून राहिला.

ऑपरेशनच्या सकाळी मिरजेच्या त्या हॉस्पिटलात तात्यांना चाकाच्या पलंगावर घेऊन निघाले. दाराशी क्षणभर थांबवलं. नर्स म्हणाली, बोलायचं असेल ते बोलून घ्या. आई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. मी फोन हातात धरला होता. काहीतरी मोठं, जपून ठेवण्याजोगं ते बोलतील, अशी वेडी आशा होती. तात्यांनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. छाती भरून श्वास घेतला. आणि होता नव्हता तेवढा सगळा आवाज गोळा करून म्हणाले,

"परेऽऽड,"

बस्स. पुढे काहीच नाही. पलंग ढकलणारा मुलगासुद्धा ताठ उभा राहिला. तात्यांनी तळहात दाखवला: थांबा. ओठांच्या कोपऱ्यात हसले आणि आत गेले.

"अर्धंच बोललं की गं," आई कावरीबावरी होऊन म्हणाली.

"अर्धंच बोलायचं असतंय," मी म्हणाले. मला ते समजलं होतं, आणि समजल्यामुळेच मला रडू आवरेना. बाकावर बसून आम्ही वाट बघत राहिलो. हुकूम सुटला नव्हता, तोवर आम्हाला जागेवरून हलता येणार नव्हतं.

तात्या घरी आले तेव्हा हंगाम संपला होता. बेदाणा पेट्यांत भरून सांगलीला गेला होता. शेड मोकळी, जाळ्या झाडून ठेवलेल्या, आणि पोत्यांखाली दबलेला गंधकाचा वास तेवढा उरलेला. गाडीतून उतरून ते घरात न शिरता सरळ शेडकडे गेले. गळ्याभोवती पांढरा रुमाल, अंग वाळलेलं. मी पिशव्या घेऊन अंगणात उभी होते. आई आमच्या आधीच घरी येऊन चहा ओतून बसली होती. ती दारात आली, पदर सावरला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिच्या तोंडून गेलं,

"आवंऽऽ,"

आणि तिला आठवलं. तिचा हात तोंडावर गेला. मी जागच्या जागी थिजले. शांताक्का पलीकडे खराटा घेऊन होत्या, त्यांचाही हात थांबला.

शेडच्या तोंडाशी, द्राक्षं धुवायच्या फरशीवर तात्या उभे होते. त्यांनी मान वर केली. खांदे मागे घेतले. डावा पाय गुडघ्यातून उचलला, आणि टाच खाली आणली. फरशी अशी वाजली, की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

आई दारात ताठ उभी राहिली. तोंडावरचा हात खाली आला. डोळे पुसायचंही तिला सुचलं नाही.

"चा निवालाय," ती म्हणाली. "या."